राखलेला समुद्र

(समुद्रातील मासळी हे किनाऱ्यावरील लाखो लोकांच्या जगण्याचे साधन आहे. हे साधन टिकवायचे कसे? केवळ कायदा करून ते टिकते का? केवळ विज्ञानाने टिकते का? फिलिपीन्स देशातील दोन लहान बेटांनी या प्रश्नांची जी उत्तरे दिली, ती या पाठात सांगितली आहेत.)

विद्यार्थी मित्रांनो, शेताला बांध असतो. बांधाच्या अलीकडचे शेत माझे आणि पलीकडचे तुमचे, हे सर्वांना ठाऊक असते. समुद्राला मात्र बांध नाही. आज जो मासा माझ्या होडीखाली पोहतो, तोच उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात सापडतो. म्हणून मच्छीमाराच्या मनात एक विचार सहज येतो : 'मी लहान मासा सोडून दिला, तर दुसरा कोणीतरी तो पकडणारच. मग मीच का सोडू?' विचार साधा आहे आणि एका माणसापुरता तो चूकही वाटत नाही. पण गावातला प्रत्येक जण असाच विचार करू लागला तर काय होईल? थोड्याच वर्षांत समुद्र रिकामा होईल आणि सर्वांच्याच चुली थंड पडतील.

फिलिपीन्स देशात नेमके हेच घडू लागले होते. प्रशांत महासागरातील हा देश सात हजारांहून अधिक बेटांचा मिळून झालेला आहे. भात आणि मासे हे तेथील लोकांचे रोजचे अन्न. या देशात नेग्रोस नावाचे एक मोठे बेट आहे. त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे सात किलोमीटरवर आपो नावाचे चिमुकले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ केवळ ७४ हेक्टरांच्या आसपास आहे. बेट ज्वालामुखीपासून बनलेले, खडकाळ आणि चढउताराचे आहे. शेतीला जमीन फारच थोडी. बेटावर काहीशे माणसे राहतात. त्यांचे पोट समुद्रावरच अवलंबून होते.

आपोच्या भोवती उथळ पाण्यात प्रवाळाचे खडक आहेत. प्रवाळाला आपण पोवळे म्हणतो, उर्दूत मरजान म्हणतो. प्रवाळ दिसतो दगडासारखा किंवा झाडासारखा. पण तो असंख्य लहान सजीवांनी बांधलेला असतो. त्याच्या कपारींत मासे लपतात, खातात आणि वाढतात. प्रवाळ म्हणजे माशांची वस्तीच म्हणा ना! वस्ती मोडली की रहिवासी जातात. प्रवाळ मोडला की मासे जातात.

सुरुंग आणि विष

पूर्वी येथील मच्छीमार गळ टाकून, सापळे लावून आणि साधी जाळी वापरून मासे पकडत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात नव्या पद्धती आल्या. कोणी पाण्यात सुरुंग उडवू लागले. एका स्फोटात मेलेले आणि बेशुद्ध झालेले मासे गोळा करणे सोपे होते. कोणी सायनाइड नावाचे विष कपारींत सोडू लागले. काही जण प्रवाळावर दगड आपटून माशांना घाबरवीत आणि जाळ्याकडे पळवीत. बारीक आसाच्या जाळ्यांत तर पिल्लेसुद्धा सुटत नव्हती.

त्या दिवशी टोपली भरे. पण सुरुंगाने प्रवाळाचा चुरा होई आणि विषाने माशांबरोबर प्रवाळही मरे. मग मासे कमी होत. मासे कमी झाले की माणसे अधिक जोराने सुरुंग लावत. असे हे दुष्टचक्र सुरू झाले. आपोच्या मच्छीमारांना जवळ मासे मिळेनात, म्हणून ते होड्या वल्हवीत दूरदूर जाऊ लागले. श्रम वाढले आणि मासळी घटली.

हे लोक अडाणी किंवा दुष्ट होते असे समजू नका. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला आज रात्रीच्या जेवणाची चिंता असते. 'पाच वर्षांनी मासे वाढतील' या आश्वासनाने मुलांची भूक भागत नाही. म्हणून कोणताही उपाय सुचवताना या भुकेचा विचार आधी करावा लागतो.

विद्यापीठ गावात येते

नेग्रोस बेटावर दुमागेते नावाच्या शहरात सिलिमन विद्यापीठ आहे. तेथे डॉ. एंजल अल्काला नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९२९ साली झाला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी कल्पना मांडली. शेतकरी सगळे धान्य खात नाही. पुढच्या पेरणीसाठी बियाणे बाजूला ठेवतो. उपासमारीची वेळ आली तरी तो बियाण्याला हात लावत नाही. मग समुद्राचेही बियाणे का राखू नये? किनाऱ्याचा एक लहानसा भाग ठरवावा. तेथे कोणीही मासे पकडू नयेत. त्या भागात मासे मोठे होतील. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक अंडी घालते. पिल्ले प्रवाहाबरोबर सर्वत्र पसरतील. जागा अपुरी पडू लागली की मोठे मासेही बाहेर पडतील आणि मच्छीमारांच्या गळाला लागतील.

या कल्पनेचा पहिला प्रयोग १९७४ साली सुमिलोन नावाच्या दुसऱ्या एका बेटावर झाला. सेबू बेटाच्या दक्षिण टोकाजवळचे हे बेट ओस्लोब नगरपालिकेच्या हद्दीत येते. विद्यापीठ आणि नगरपालिका यांनी मिळून बेटाभोवतालच्या प्रवाळाचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीला बंद केला. काही वर्षांतच तेथे मासे वाढले.

१९७९ च्या सुमारास विद्यापीठाची माणसे आपो बेटावर गेली. त्यांनी हुकूम सोडला नाही. ते लोकांशी बोलत राहिले, त्यांचे ऐकत राहिले. त्यांनी आपोच्या काही मच्छीमारांना सुमिलोनला नेले आणि तेथील मासळी डोळ्यांनी पाहू दिली. हे बोलणे एकदोन दिवस नव्हे, तब्बल तीन वर्षे चालले.

लोकांच्या शंका खऱ्या होत्या. जागा बंद केली तर आम्ही खायचे काय? आम्ही थांबलो आणि बाहेरचे येऊन मासे घेऊन गेले तर? मासे वाढले नाहीत तर आमचे नुकसान कोण भरून देणार? अनेकांना ही कल्पना पटली नाही. अखेर १९८२ मध्ये सुरुवातीला अवघी १४ कुटुंबे तयार झाली. त्यांनी किनाऱ्याची सुमारे साडेचारशे मीटरची पट्टी निवडली. ही जागा एकूण मासेमारीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याएवढीच होती. शिवाय ती गावाजवळ होती. किनाऱ्यावर बसलेल्या एका माणसालाही तिच्यावर नजर ठेवता येत असे. कुटुंबे पाळीपाळीने डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागली. या कामाचे त्यांना वेतन मिळत नव्हते.

जागा लहान निवडली, यात मोठे शहाणपण होते. लोकांनी आपल्या पोटाला थोडासा चिमटा काढला. पण पोट उपाशी ठेवले नाही. उरलेल्या नऊ हिश्श्यांत मासेमारी चालूच होती.

समुद्राचे उत्तर

राखलेल्या भागात हळूहळू मासे वाढू लागले. आधी विरोध करणारे लोकही पाहायला येऊ लागले. मग साऱ्या गावाने पुढचे पाऊल टाकले. बेटाभोवतालच्या पाण्यात सुरुंग, विष, बारीक आसाची जाळी आणि प्रवाळावर दगड आपटण्याची पद्धत यांवर बंदी घालण्यात आली. १९८५ मध्ये दाउइन नगरपालिकेने या नियमांना कायदेशीर मान्यता दिली. गावाच्या राखणदारांना आता नियमाचा आधार मिळाला.

शास्त्रज्ञांचे काम मात्र संपले नव्हते. डॉ. अल्काला आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ गॅरी रस वर्षानुवर्षे पाण्यात बुडी मारून मासे मोजत राहिले. मच्छीमार किती तास गळ टाकतात आणि त्यांना किती मासे मिळतात, याचीही नोंद झाली. मासळीच्या दोन मुख्य गटांबाबत असे दिसले की, १९९८ ते २००१ या काळात गळाने मासेमारी करणाऱ्यांना तेवढ्याच वेळात पूर्वीच्या सुमारे दीडपट मासळी मिळत होती. १९८१ ते १९८६ या काळाशी ही तुलना केलेली होती. मासेमारीत घालवलेला एकूण वेळ मात्र जवळजवळ निम्म्यावर आला होता. पूर्वी दूर जाणारे मच्छीमार आता घराजवळच होडी सोडत आणि उरलेला वेळ दुसऱ्या कामाला देत.

सुमिलोनचा धडा

आता पुन्हा सुमिलोनकडे वळू या. तेथे प्रयोग आधी सुरू झाला होता. पण १९८४ मध्ये तेथील संरक्षण कोसळले. दहा वर्षे राखलेल्या भागात मच्छीमार घुसले. सुरुंगही वापरले गेले.

तुम्ही म्हणाल, 'बंद जागा उघडली म्हणजे मासेमारीला जागा वाढली. मग मासळीही वाढली असेल.' घडले नेमके उलटे! शास्त्रज्ञांनी मोजमाप केले, तेव्हा अवघ्या दीड वर्षात साऱ्या बेटाचे एकूण मत्स्योत्पादन ५४ टक्क्यांनी घटलेले आढळले. जागा वाढली आणि मासळी निम्म्याहून कमी झाली. लोकांनी बियाणेच खाऊन टाकले होते!

दोन्ही बेटांवर कल्पना एकच होती आणि विद्यापीठही तेच होते. मग आपो का टिकले आणि सुमिलोन का मोडले? सुमिलोनवर आपोसारखे गाव नव्हते. तेथे राखण करण्याची जबाबदारी प्रामुख्याने नगरपालिका आणि विद्यापीठ यांच्यावर होती. कारभारी बदलले की धोरणही बदलले. आपोवर मात्र नियम गावाने स्वतः केला होता. जो नियम आपण करतो, तो मोडला तर आपल्यालाच वाईट वाटते. म्हणून आपण तो राखतो.

कोणाचे काय काम?

पण 'गावाने ठरवले आणि झाले' असे म्हणणेही अपुरे आहे. नीट पाहा. विद्यापीठाकडे ज्ञान होते. परंतु रात्रंदिवस पहारा करणे त्याला शक्य नव्हते. गावाकडे पहारेकरी होते. परंतु बाहेरून येणाऱ्या मोठ्या होडीला अडवण्याचा अधिकार नव्हता. तो अधिकार नगरपालिकेने दिला. नगरपालिकेच्या मागे देशाचा कायदा हवा होता. १९९१ च्या कायद्याने किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंतच्या समुद्राचा कारभार नगरपालिकांकडे सोपवला. १९९८ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने मच्छीमारांना सल्लागार परिषदांमध्ये स्थान दिले. चार हात एकत्र आले तेव्हा हे काम उभे राहिले. चारही हात सारखे नव्हते आणि तसे असण्याची गरजही नव्हती.

भागीदारी म्हटली की कुरबुरीही आल्याच. १९९४ मध्ये सरकारने आपो बेटाला राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केले. त्यामुळे संरक्षण बळकट झाले. पण कारभार गावाच्या समितीकडून सरकारी मंडळाकडे गेला. मंडळात गावाचे प्रतिनिधी होते, तरी शेवटचा शब्द आता गावाचा राहिला नाही. प्रवाळ पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेतले जाई. ते आधी राजधानीच्या तिजोरीत जाई आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग नंतर परत येई. पैसे येण्यास उशीर झाला की गावाला ते खटकत असे. 'समुद्र आम्ही राखला आणि निर्णय दुसरे घेतात' ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. सरकारने मदत करावी. पण लोकांच्या हातातील सुकाणू काढून घेऊ नये, हा या गोष्टीतील महत्त्वाचा धडा आहे.

निसर्गापुढेही माणसाचे सर्वस्वी चालत नाही. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मधील तुफानांनी आपोच्या राखलेल्या भागातील प्रवाळाची मोठी हानी केली. वर्षानुवर्षांची राखण लाटांनी काही तासांत उद्ध्वस्त केली. मग त्या भागात पर्यटकांनाही बंदी करण्यात आली. ज्यांनी एकदा वाट पाहिली होती, त्यांना पुन्हा वाट पाहणे भाग होते.

डॉ. अल्काला यांना १९९२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते आपल्या देशाचे पर्यावरणमंत्री झाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. आज फिलिपीन्समध्ये अशी लहानमोठी राखीव सागरी क्षेत्रे हजाराहून अधिक आहेत. सगळीच नीट चालतात असे नाही. जेथे गाव जागे असते, तेथे ती चांगली चालतात.

आपला किनारा

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून लांब किनारा लाभला आहे. कोळी, खारवी, भंडारी, गाबीत आणि कोकणी मुसलमान असे अनेक समाज याच दर्यावर जगतात. तुमच्यापैकी काहींच्या घरी होडी असेल. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, हे तुम्हांला माहीत असेलच. हा काळ वादळाचा असतो आणि अनेक माशांच्या विणीचाही असतो. आपो बेटाने जागा राखली. आपण काळ राखतो. तत्त्व एकच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावचे उदाहरणही पाहा. येथे समुद्री कासवे किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हे पळवत असत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने येथे काम सुरू केले. गावकरी आणि वनखाते यांनी साथ दिली. गावकरी पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधू लागले आणि अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवू लागले. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी आता दूरदूरचे लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. येथेही संस्था, गाव आणि सरकार असे तीन हात एकत्र आले आहेत.

मित्रांनो, पाठाच्या आरंभीचा मच्छीमाराचा प्रश्न आठवा. 'मीच का सोडू?' या प्रश्नाला एकटा माणूस उत्तर देऊ शकत नाही. शेजारीही सोडणार आहे असा भरवसा त्याला लागतो. नियम, पहारा, मोजमाप आणि कायदा ही सारी खटपट त्या भरवशासाठी आहे. भरवसा निर्माण झाला की बांध नसलेला समुद्रही राखता येतो.

शब्दार्थ

कपार – खडकातील पोकळ जागा
आस – जाळ्याच्या दोऱ्यांमधील छिद्र
गळ – मासे पकडण्याचा आकडा
दुष्टचक्र – एका वाईट गोष्टीतून दुसरी वाईट गोष्ट पुन्हा पुन्हा निर्माण होणे
राखण – रक्षण, पहारा
वीण – प्राण्यांनी पिल्लांना जन्म देणे
सुकाणू – होडीला दिशा देणारे साधन
कुरबुर – लहानसहान तक्रार
खटपट – प्रयत्न, धडपड

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपो बेट कोणत्या देशात आहे?
(आ) प्रवाळाला माशांची वस्ती का म्हटले आहे?
(इ) सुरुवातीला किती कुटुंबे जागा राखण्यास तयार झाली?
(ई) वेळास गावात कोणत्या प्राण्याचे रक्षण केले जाते?

२. तीनचार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सुरुंगाच्या मासेमारीमुळे दुष्टचक्र कसे सुरू झाले?
(आ) आपोच्या मच्छीमारांच्या शंका कोणत्या होत्या? त्या खऱ्या होत्या असे लेखक का म्हणतो?
(इ) सुमिलोनवर मासेमारीची जागा वाढूनही मासळी का घटली?

३. विद्यापीठ, गाव, नगरपालिका आणि देशाचे सरकार यांपैकी एक जण बाजूला झाला असता तर काय झाले असते? कोणत्याही एकाविषयी पाचसहा ओळी लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
हातावर पोट असणे, पोटाला चिमटा काढणे, डोळ्यांत तेल घालून पहारा करणे.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उथळ × ..........   विरोध × ..........   बळकट × ..........   आरंभ × ..........

६. किनारा, दर्या, तुफान, कायदा, जमीन हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. लक्षात ठेवा : उर्दूत 'दरिया' म्हणजे बहुधा नदी, तर मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. अर्थ बदललेला असा आणखी एखादा शब्द तुम्हांला ठाऊक असल्यास वर्गात सांगा.

७. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील सर्वांच्या मालकीची एक गोष्ट निवडा. उदा., विहीर, तळे, मैदान, किनारा. तिची राखण कोण करते, नियम कोणी केले आणि ते कोण मोडते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या व दहा ओळी मराठीत लिहा.